पुस्तकावरून प्रोग्रामिंगचं लॉजिक शिकायलेय, १ ते १० च्या बेरजेतच अडकलेय

शेंगाचटणी | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरची, बी.कॉम., वय ३४, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते. कॉम्प्युटरचं म्हणाल तर एमएससीआयटी आणि रोजचं एक्सेल, बास. प्रोग्रामिंग शिकायचं डोक्यात बसलंय, का ते विचारू नका, घरचे रोज विचारायलेत. एका क्लासमध्ये चौकशी केली तर समोरचा पोरगा म्हणाला मॅडम तुमच्या वयाची बॅच नसते आमच्याकडं. मग नव्या पेठेतून एक जुनं पाठ्यपुस्तक घेतलं सेकंडहँड, सी भाषेचं, आधी कुणीतरी त्यात पेन्सिलीनं बदाम काढलेत पण लॉजिकचं एक अक्षर लिहिलेलं नाही.

पहिली दोन प्रकरणं कॉम्प्युटरच्या पिढ्या, व्हॅक्यूम ट्यूब वगैरे, ती पाठ झाली, उपयोग शून्य. फ्लोचार्ट कळले, म्हणजे लांबट गोल सुरुवातीला नि शेवटी, तिरपा चौकोन आत घ्यायला बाहेर द्यायला, सरळ चौकोनात काम, आणि शंकरपाळ्याच्या आकारात प्रश्न. पण वाचताना सगळं कळतं आणि पुस्तक मिटून स्वतः काढायला बसलं की कागद कोरा तो कोराच. आता लूपच्या, म्हणजे तेच काम परत परत करायच्या, प्रकरणात आहे. १ ते १० ची बेरीज, उत्तर ५५ छापलंय, ते येतं कसं हेच मला दिसंना. चार दिवस झाले. मला हे जमण्यातलं आहे का नाही एवढं कुणी खरं सांगेल का?

---

हिंजवडी_ते_हुतात्मा | सोमवार, रात्री ११:१५

ताई, पहिलं काम म्हणजे ते पुस्तक रद्दीत द्या. २०२० नंतर कुणी पुस्तकातून शिकतं का? पायथन ही भाषा घ्या, मोबाईलवर पण चालतं, व्हिडिओ बघा, १५ दिवसात हात बसेल. ही बेरीज तर पायथनमध्ये एका ओळीत होते.

---

सातरस्ता | सोमवार, रात्री ११:२२

एका ओळीत होते हे सांगून तिला काय मिळालं बे? तिला ओळ नकोय, कशी होते ते पाहिजे.

---

निळी_स्क्रीन | सोमवार, रात्री ११:४८

पुस्तकात वॉइड मेन, कोनिओ डॉट एच आणि गेटसीएच असले जुन्या सीचे शब्द असणार, पैज लावतो. आमच्या कॉलेजात २००३ ला तेच होतं, टर्बो सीची निळी खिडकी, आणि टर्बो सी तेव्हाही जुनाच, १९८७ चा. आजच्या कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देणारं सॉफ्टवेअर) त्यातलं निम्मं चालणार नाही आणि नवीन माणूस म्हणतो माझंच काहीतरी चुकलं.

अवांतर आहे पण सांगतो. लॅबमध्ये फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा प्रोग्राम, ७ चा ५०४० बरोबर आला, ८ चा टाकला तर उणे २५२१६. एक ते आठ, सगळे अधिक आकडे गुणले तर उणे कुठून आलं? अर्धा तास सगळी बॅच स्वतःचं लॉजिक खोडत बसली. लॉजिक बरोबरच होतं, टर्बो सीमधला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा खण, १६ बिटचा, त्यात ३२७६७ च्या पुढं जागाच नसते आणि आकडा फिरून उणेत जातो. आता इंट ३२ बिटचा असतो, तिथं १२ पर्यंत नीट चालतं आणि १३ ला ६२२७०२०८०० च्या ऐवजी १९३२०५३५०४ मिळतं. मला विचाराल तर हे जास्त वाईट. उणे आलं की माणूस दचकतो तरी, हे अगदी खऱ्यासारखं दिसतं.

---

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ७:०५

वॉइड मेन आहे, कोनिओ पण आहे, तुम्ही पैज जिंकलात. माझ्याकडं घरी कॉम्प्युटर नाहीच, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मिळतो, म्हणून पुस्तक. आणि व्हिडिओत तो माणूस टाइप करत जातो, मी मान हलवत जाते, शेवटी त्याला येतं, मला नाही.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ८:३०

ताई, मी ३१ वर्षे शाळेत गणित शिकवले, संगणक निवृत्तीनंतर शिकलो, तोही पुस्तकावरूनच, त्यामुळे ते रद्दीत देऊ नका. आपण एकच करायचे. तो फ्लोचार्ट वाचू नका, चालवा. वहीत दोन रकाने आखा, एकाच्या डोक्यावर आय (आकृतीतला मोजणीचा आकडा), दुसऱ्याच्या डोक्यावर बेरीज. आता तुम्ही माणूस नाही, तुम्ही कारकूनही नाही, तुम्ही यंत्र. बाणाच्या दिशेने एक एक चौकट घ्या, ती जे सांगेल तेवढेच करा, आकडा बदलला की जुना खोडा आणि नवीन खाली लिहा. पुढच्या चौकटीत काय असेल हे मनात आणायचे नाही. याला ड्राय रन म्हणतात. झाले की तक्ता इथे लिहा, उत्तर नको, तक्ता.

---

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी १:४०

सर, एक आधीच विचारते, हसू नका. एका चौकटीत आय = आय + १ असं आहे. शाळेत मी हे लिहिलं असतं तर तुमच्यासारख्या सरांनी पट्टी मारली असती. आय हे आय अधिक एक कसं असेल? दोन्हीकडचा आय उडवला तर ० = १ राहतं.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी २:१०

मारली असती, खरे आहे. प्रश्न अगदी योग्य आहे. ते बरोबरचे चिन्ह गणितातले नाही. तुम्ही रोजकीर्द लिहिता ना? शिल्लक लिहिताना काय करता? आधीची शिल्लक बघता, त्यात जमा मिळवता, आणि येणारा आकडा पुन्हा शिल्लक याच नावाने लिहिता. शिल्लक = शिल्लक + जमा. उजवी बाजू आधी वाचायची, ती जुनी शिल्लक. डावी बाजू म्हणजे नवी शिल्लक कुठे ठेवायची ती जागा.

---

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी २:१५

अय्यो.

एवढंच होतं का हे. पुस्तकात "अभिव्यक्तीचे मूल्य चलास नियुक्त केले जाते" असं आहे, ते मी सहा वेळा वाचलं.

---

सातरस्ता | मंगळवार, दुपारी ३:००

त्या वाक्याला नियुक्तीपत्र द्या कुणीतरी.

---

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री १०:२०

केला तक्ता. पाण्याचा दिवस होता (आमच्याकडं चार दिवसाआड येतं), टाकी भरेपर्यंत नळाशी बसूनच केला, त्यामुळे वहीचं पान ओलं आहे पण आकडे दिसतात.

पुस्तकात असं आहे: आय = १, बेरीज = ०, मग शंकरपाळीत "आय < १० ?", हो असेल तर बेरीज = बेरीज + आय, मग आय = आय + १, परत शंकरपाळीकडं. नाही असेल तर बेरीज छापा.

माझी बेरीज अशी चालली: १, ३, ६, १०, १५, २१, २८, ३६, ४५. आता आय झाला १०. शंकरपाळी विचारते १० हा १० पेक्षा लहान आहे का. नाही. बाहेर. छापलं ४५.

आता खरं सांगते, मला चार दिवसांपूर्वीपण ४५ च आलं होतं. पुस्तकात ५५ आहे म्हणून मला वाटलं मलाच कळलेलं नाही, म्हणून इथं विचारताना आकडा सांगितलाच नाही, लाज वाटली. आज दोन गोष्टी करून बघितल्या. आधी आय वाढवायचा आणि मग बेरजेत टाकायचा असं उलटं केलं तर ५४ आलं. एकानंच चुकलं! मग बेरीज शून्याऐवजी १ पासून सुरू केली तर बरोबर ५५. म्हणजे हे असं पाहिजे का?

---

हिंजवडी_ते_हुतात्मा | मंगळवार, रात्री १०:३५

हो आलं की ५५. झालं.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, रात्री १०:५०

झालेले नाही. ताई, याच युक्तीने ५ ते १० ची बेरीज काढा. आय ५ पासून सुरू करा, बाकी काही बदलू नका, बेरीज १ पासूनच. आणि बोटावरही मोजा.

---

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ११:०५

बोटावर ४५. युक्तीनं ४१.

म्हणजे ते ५५ फुकटचं होतं. पहिला १ बेरजेत जायचा राहत होता आणि मी सुरुवातीलाच १ ठेवला म्हणून ते झाकलं गेलं. ५ पासून सुरू केलं की ५ राहतो आणि मी भरते १. आमच्या ऑफिसात ताळेबंद जुळत नसला की एकजण "किरकोळ खर्च" म्हणून आकडा घालून जुळवतो, ते केलं मी.

---

निळी_स्क्रीन | मंगळवार, रात्री ११:२०

या वाक्यासाठी दंडवत. मी १८ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, किरकोळ खर्च घालून जुळवलेले प्रोग्राम रोज बघतो, त्यातले काही माझेच आहेत.

पण मग ४५ चं काय? तुमचा तक्ता मी दोनदा तपासला, फ्लोचार्ट तुम्ही लिहिलाय तसा असेल तर ४५ च येणार. त्या शंकरपाळीतलं चिन्ह परत बघा. < च्या खाली एक आडवी रेघ आहे का?

---

शेंगाचटणी | बुधवार, सकाळी ६:५०

उजेडात बघितलं. या आकृतीत रेघ नाही. पण दोन पानं पुढं पाढ्याची आकृती आहे, तिथं तेच चिन्ह आहे आणि खाली बारीक रेघ आहे. सासऱ्यांचं भिंग घेऊन बघितलं, पहिल्या आकृतीत रेघेच्या जागी शाईचा अर्धा ठिपका आहे. म्हणजे "लहान किंवा बरोबर" होतं आणि छपाईत रेघ उडाली??

चार दिवस मी स्वतःला ढ म्हणत होते आणि चूक त्या रेघेची. मला रडू पण यायलंय आणि हसू पण. पेन्सिलीनं रेघ ओढली, बदामाच्या शेजारीच.

---

सातरस्ता | बुधवार, सकाळी ९:१०

छापणाऱ्याला गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याला उलटा टांगला पाहिजे.

---

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ९:४५

टांगू नका, ज्याला काही शिकवायचे असते तोही कधी कधी मुद्दाम असेच करतो. मी फळ्यावर करायचो, कोण पकडतो ते बघायला. वर्गातली हुशार मुले पकडायची नाहीत, ती फळ्यावर विश्वास ठेवायची. शेवटच्या बाकावरचा एखादा पकडायचा कारण तो खरेच बेरीज करत बसलेला असायचा.

---

हिंजवडी_ते_हुतात्मा | बुधवार, दुपारी १२:३०

रद्दीत द्या म्हणालो ते शब्द मागे घेतो. खरं सांगायचं तर मला पण ते चिन्ह बघायचं सुचलं नाही, मी ५५ बघितलं आणि झालं म्हणालो.

आणि पुस्तक जुनं असलं तरी या भागात फरक पडत नाही. एकामागून एक, हे किंवा ते, आणि परत परत, एवढ्या तीन गोष्टींतून कुठलाही प्रोग्राम मांडता येतो हे बोम आणि जाकोपिनी या दोन इटालियन गणितज्ञांनी १९६६ मध्येच दाखवून दिलंय, भाषा कुठलीही घ्या.

ताई टॉवेलच्या कारखान्यात आहात म्हणून एक गंमत. चादरीवर नक्षी काढणारं जेकार्ड असतं ना, ते फ्रान्सच्या जेकार्डनं १८०४ च्या सुमारास केलं, भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारं. इंग्लंडात बॅबेजनं तीच कार्डांची कल्पना त्याच्या गणन यंत्रासाठी घेतली आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं लिहिलं की जेकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. अर्थात मागावर तीनपैकी दोनच गोष्टी आहेत. कार्डं एकामागून एक येतात आणि परत पहिल्यापासून फिरतात. "हे किंवा ते" असा प्रश्न माग विचारत नाही, तिथंच कॉम्प्युटर वेगळा पडतो.

---

कांडीवाला | बुधवार, रात्री ११:५५

मी इथं कधी लिहित नाही, पोरगा दाखवतो ते वाचतो. आज लिहायलोय कारण मागाचं निघालं. दहावी झालेला माणूस आहे, २२ वर्षं झाली माग चालवतोय, पूर्व भागात. चूकभूल द्यावी घ्यावी.

पुण्याचे साहेब बोलले ते जेकार्डपुरतं बरोबर आहे. कार्डाला भोक असलं की त्या जागचा हूक उचलतोय आणि ताण्याचा (उभा) धागा वर येतोय, भोक नसलं की धागा खालीच. एक कार्ड म्हणजे बाण्याची (आडव्या धाग्याची) एक फेरी. कार्डं ओवून माळ केलेली असते आणि माळेची दोन टोकं जोडलेली, नक्षी संपली की परत पहिलं कार्ड. तो तुमचा लूप.

पण माग प्रश्न विचारत नाही हे नाही पटलं ओ. धोटा, म्हणजे बाण्याची कांडी नेणारा, इकडून तिकडं गेला की बाजूला एक छोटा काटा असतोय. बाण्याचा धागा तिथं आडवा आला असला तर काट्याला ढकलतोय आणि माग चालू राहतोय. कांडी संपली किंवा बाणा तुटला तर काट्याला ढकलायला धागाच नाही, मग तो तसाच राहतोय, आकडा अडकतोय आणि माग जागेवर बंद. दर फेरीला विचारतोय, धागा आहे का नाही. तुमची शंकरपाळी ती हीच का नाही?

आता ताईंच्या ४५ चं. बाणा तुटला तर माग थांबतोय, माणूस गप्पा मारत असला तरी चालतंय. पण ताणा तुटला तर आमचा जुना माग थांबत नाही, त्याला कळतच नाही, नव्या मशिनीवर त्याची पण सोय असते म्हणतात. तो मजेत विणत जातोय आणि चादरीत उभी रेघ पडत जाते. आपण चहा पिऊन येईपर्यंत हातभर रेघ, चादर गेली सेकंड मालात. म्हणून जुना कारागीर बाण्याकडं बघतच नाही, सगळी नजर ताण्यावर. कॉम्प्युटरनं चूक दाखवली ती बाण्याची, तिथं भ्यायचं नाही. ताईंच्या बेरजेत कुणी थांबवलं नाही, ४५ विणून दिलं, ही ताण्याची.

अजून एक. डाग दिसला की आम्ही आधी बघतो परत येतोय का. एकदाच असला तर धागा. दर नक्षीला त्याच जागी येत असला तर कुठलं तरी कार्ड चुकलंय, मग माळ उतरवून ते कार्ड हुडकायचं. पोरगा म्हणला हे लिही म्हणून लिहिलं.

---

निळी_स्क्रीन | गुरुवार, रात्री १२:२०

कांडीवाले दादा, माझ्याकडं नवीन पोरं येतात त्यांना मी सिंटॅक्स एरर (लिहिण्यातली चूक, यंत्रच अडवतं) आणि लॉजिकल एरर (विचारातली चूक, यंत्राला कळत नाही) यातला फरक दोन दिवस सांगत बसतो. उद्यापासून बाणा आणि ताणा. तुमच्या पोराला सांगा रोज लिहायला लावत जा. डागाचं पण शंभर टक्के खरं: चूक दर फेरीला येत असेल तर लूपच्या आत, एकदाच येत असेल तर लूपच्या आधी किंवा नंतर. ताईंच्या ५५ वाल्या युक्तीत एक आकडा एकदाच कमी पडत होता ना, म्हणजे बघायची जागा सुरुवात किंवा शेवट.

---

हिंजवडी_ते_हुतात्मा | गुरुवार, सकाळी ९:००

काटा मला माहीतच नव्हता. आजोबांचे दोन माग होते, विकले तेव्हा मी तिसरीत होतो. +१

---

मधलीआळी | गुरुवार, सकाळी ९:३०

एवढं सगळं वाचलं पण आयडीवरून एकच प्रश्न पडला, शेंगाचटणी उखळात कुटलेली का मिक्सरमधली?

---

शेंगाचटणी | गुरुवार, दुपारी १:३५

उखळातली. मिक्सरमध्ये तेल सुटत नाही तसं. आता विषयावर या.

कांडीवाले दादा, आमच्या कारखान्यात मी सात वर्षं आहे आणि त्या काट्याला कधी बघितलं नव्हतं, फक्त सेकंड मालाचे आकडे लिहीत होते. आज आत जाऊन बघून आले. सुपरवायझर म्हणाला मॅडम काय पाहिजे, म्हटलं शंकरपाळी बघायलेय. तो अजून बघतोय माझ्याकडं.

सर, पुढचं काहीतरी द्या.

---

निवृत्त_मास्तर | गुरुवार, सायंकाळी ६:००

आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा खेळ देतो. कुठलाही चार अंकी आकडा घ्या. त्याचे अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या आकड्याला पुन्हा तेच. उदाहरणार्थ ३५२४. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ ला पुन्हा करा, ६१७४ च येतो. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथे पोहोचतो.

हा लूप बेरजेपेक्षा वेगळा आहे. किती फेऱ्या होणार हे आधी माहीत नाही, म्हणून शंकरपाळीत काय लिहायचे ते तुम्ही ठरवा. चारही अंक सारखे असलेला आकडा घेतला तर काय होईल याचाही विचार आधीच करा. आधी वहीत, मग यंत्रावर.

---

हिंजवडी_ते_हुतात्मा | गुरुवार, सायंकाळी ६:४०

यंत्रावर मी मदत करतो ताई, पायथनमध्ये. अंक चढते-उतरते लावायचा तुकडा मी लिहून देतो, ते तुमच्या पुस्तकात फार पुढं असणार. लूप तुमचा तुम्ही लिहा.

---

शेंगाचटणी | शनिवार, दुपारी २:१०

मदत!! ऑफिसचा कॉम्प्युटर वेडा झालाय.

वहीत सगळं केलं होतं. शंकरपाळीत "आकडा ६१७४ नाही ना?" असं लिहिलं. ११११ ला शून्य येतं आणि शून्याला परत शून्यच, कधी ६१७४ होणारच नाही हे पण कळलं, म्हणून चारही अंक सारखे असतील तर आधीच "चालणार नाही" म्हणून बाहेर काढलं. ३५२४ बरोबर आलं, माझं जन्मवर्ष टाकलं, बरोबर आलं. मग २१११ टाकलं तर पहिल्यांदा ९९९ आणि मग ० ० ० ० ० असं पाणी आल्यासारखं धो धो चालूच आहे, थांबंना, मालक जेवून येतील आता.

---

निळी_स्क्रीन | शनिवार, दुपारी २:१२

कंट्रोल सी दाबा.

---

शेंगाचटणी | शनिवार, दुपारी २:१३

ती कॉपी ना?

---

निळी_स्क्रीन | शनिवार, दुपारी २:१३

इथं कॉपी नाही. दाबा.

---

शेंगाचटणी | शनिवार, दुपारी २:१६

थांबलं. मालक आत्ताच आले, एक्सेल उघडून बसलेय. घाम फुटला, एसी असून.

---

निवृत्त_मास्तर | शनिवार, दुपारी ४:३०

कुणीही उत्तर सांगू नये ही विनंती. ताई, २१११ वहीत चालवा आणि दुसऱ्या फेरीकडे नीट बघा.

---

सातरस्ता | शनिवार, सायंकाळी ७:४५

मी पण करून बघितलं वहीत. २१११ वजा १११२, ९९९. आता ९९९ चे चढते पण ९९९ आणि उतरते पण ९९९. शून्य. कापरेकर चुकले का काय ओ?

---

शेंगाचटणी | शनिवार, रात्री ११:३०

कापरेकर चुकले नाहीत. सापडलं. चार वेळा वहीत केलं, मग भाकरी करताना सापडलं, एक भाकरी करपली.

९९९ हा चार अंकी नाहीच. तो ०९९९ आहे. सरांनी वर ०३७८ असं शून्य लावून लिहिलं होतं ते मी नुसतं शोभेचं समजले. आमच्याकडं पावती क्रमांक ०९९९ असा असतो आणि एक्सेलमध्ये टाकला की पुढचं शून्य एक्सेल खाऊन टाकतं, मग मी रकाना टेक्स्ट करून परत लिहिते, हे तर मी महिन्यातून दहा वेळा करते! कॉम्प्युटरनं तेच केलं, शून्य खाल्लं, तीन नऊ उरले आणि वजाबाकी शून्य. ही ताण्याचीच चूक, थांबवलं कुणी नाही, विणतच बसलं.

शून्य धरून केलं: ९९९० वजा ०९९९ = ८९९१. ९९८१ वजा १८९९ = ८०८२. ८८२० वजा ०२८८ = ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८ = ६१७४. पाच फेऱ्या.

आणि सारखे अंक आहेत का हे मी फक्त सुरुवातीला एकदाच तपासत होते, लूपच्या बाहेर. काट्यासारखं दर फेरीला विचारलं असतं तर निदान मशीन थांबलं तरी असतं. सोमवारी दोन्ही दुरुस्त करणार, मालक पुण्याला जाणारेत.

---

हिंजवडी_ते_हुतात्मा | शनिवार, रात्री ११:४१

शून्याची सोय माझ्या तुकड्यात करायला हवी होती, ती माझी चूक ताई. चार अंकांपर्यंत पुढं शून्य भरायची एक छोटी सोय पायथनमध्ये आहे, व्यक्तिगत निरोपात पाठवलीय.

---

कांडीवाला | रविवार, सकाळी १०:२०

पोराला २१११ घातलं, तो पण अडकलाय. सांगत नाही त्याला.

---

शेंगाचटणी | रविवार, सकाळी ११:००

पुढचं प्रकरण उघडलं, अ‍ॅरे. त्यात दहा खोक्यांची रांग काढलीय आणि पहिल्या खोक्याला शून्यावं म्हटलंय, शेवटचं नववं. ही पण छपाईची चूक आहे का खरंच असं असतं?

---

निळी_स्क्रीन | रविवार, सकाळी ११:०४

खरंच असतं. पण त्याच्यावर इथं भांडण होणार आणि धाग्याचा काश्मीर होणार, नवीन धागा काढा.